जेट्सचं दुखणं टाचेत नव्हतं

न्यूयॉर्क जेट्सचा २०२४चा हंगाम ५ जानेवारी २०२५ला संपला. सतरा सामन्यांत पाच विजय, बारा पराभव. सलग चौदाव्या वर्षी हा संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला. एनएफएलच्या बत्तीस संघांत एवढा लांब उपास सध्या दुसऱ्या कुणालाही घडलेला नाही. तेव्हा इथल्या रेडिओवर, टीव्हीवर आणि ऑफिसातल्या गप्पांत एकच नाव घोळत होतं: क्वार्टरबॅक आरन रॉजर्स. म्हातारा झाला, पळवत नाही, संघापेक्षा स्वतःचंच खरं करतो. खापर फोडायला एक डोकं लागतं, ते सगळ्यांना सापडलं होतं. मला हे पटत नाही. रॉजर्स निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, पण हा हंगाम घालवला तो मालकाच्या घाईने. आणि ती घाई काही त्याच वर्षीची नव्हती.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मुंबईत फिजिओथेरपी शिकले, लग्न होऊन इथे आले आणि बरीच वर्षं लोकांचे गुडघे, खांदे, घोटे सांभाळण्याचं काम करते आहे. जेट्सच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी संघ खेळतो आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर. एडिसनहून ट्रेन पकडायची, सिकॉकसला बदलायची, की गाडी थेट स्टेडियमपाशी सोडते. त्या डब्यात हिरव्या जर्सी घातलेली माणसं जे-ई-टी-एस असा एकेका अक्षराचा गजर करत असतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते, आता माझाही आवाज त्यात असतो. माझा मुलगा इथेच वाढला. शाळेत जायंट्सवाली (न्यूयॉर्कचा दुसरा संघ) आणि जेट्सवाली असे दोन तट होते. त्याने जेट्स धरले आणि सगळं घर त्याच्यामागे गेलं. सप्टेंबरात गणपतीची दुपारची आरती रविवारच्या एकच्या सामन्याआधी आटोपायची, हे आता आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत ठरून गेलं आहे. तेव्हा हा विषय कुणा परक्या देशातल्या परक्या खेळाचा आहे असं निदान आम्हाला तरी वाटत नाही.

खेळ माहीत नसलेल्या वाचकांसाठी थोडंसं. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या दोन स्वतंत्र फळ्या असतात. चेंडू आपल्याकडे असताना आक्रमक फळी मैदानात उतरते, समोरच्याकडे गेला की बचावफळी. आक्रमणाची सूत्रं क्वार्टरबॅककडे असतात, म्हणून त्याचा पगार आणि त्याच्यावरचा राग दोन्ही सर्वांत जास्त. हंगामात सतरा सामने होतात आणि बत्तीसपैकी चौदा संघ प्लेऑफला जातात. जेट्सने सुपर बोल एकदाच जिंकला, १२ जानेवारी १९६९ला, मायामीत, बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध १६-७. क्वार्टरबॅक जो नेमथने त्याआधी विजयाची जाहीर हमी दिली होती. त्यानंतर संघ अंतिम सामन्यापर्यंतसुद्धा पोचलेला नाही.

रॉजर्सला ग्रीन बे पॅकर्सकडून एप्रिल २०२३मध्ये आणलं. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, सुपर बोल जिंकलेला माणूस. त्याचं कौतुक दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं झालं, आणि जावयाबरोबर त्याचा गोतावळाही आला. ग्रीन बेमध्ये त्याच्याबरोबर काम केलेले नॅथनिएल हॅकेट आक्रमणाचे प्रमुख झालेच होते. त्याचे जुने सहकारी ॲलन लझार्ड, रँडल कॉब, टिम बॉयल यांना करार मिळाले, आणि पुढच्या वर्षी डावांटे ॲडम्सही आला. एका माणसाला घरी वाटावं म्हणून घराचीच मांडणी बदलली गेली.

११ सप्टेंबर २०२३ला, सोमवारी रात्री, बफेलो बिल्सविरुद्ध रॉजर्स अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत मैदानात आला. त्या हंगामात त्याच्या वाट्याला चार स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या चार खेळ्या) आले. चौथ्या स्नॅपला तो खाली पडला, उठला आणि परत मैदानावर बसला. टीव्हीवर रिप्ले दाखवत होते आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्या डाव्या पोटरीकडे पाहत होते. पाय रोवून रेटा देताना पोटरीतून एक लहर गेलेली दिसली. आमच्या कामात ती पाहिली की पुढचं सांगावं लागत नाही. अकिलीस टेंडन तुटला की रोग्याला पालथं झोपवून पोटरी दाबायची. धड पायात पाऊल आपोआप खाली वळतं, तुटलेल्या पायात ते नुसतं लोंबत राहतं. मुलाने विचारलं, "आई, किती सामने?" मी म्हटलं, "सगळे." तो सामना जेट्सने जादा वेळेत २२-१६ असा जिंकला, पण घरात कुणाला आनंद झाला नाही. त्या वर्षी सात विजय, दहा पराभव.

या दुखापतीबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण टीका करणाऱ्यांची सगळी भिस्त तिच्यावर आहे. टेंडन शिवता येतो, तो जुळतोही. पण जुळताना बहुधा थोडा लांब होतो, आणि लांब झालेल्या टेंडनवर पोटरी पूर्वीइतकी ओढ घेऊ शकत नाही. वर्षभराने रोगी चालतो, जिना चढतो, पळतोही. मग त्याला एका पायावर उभं करून टाच उचलायला सांगायचं. चांगल्या पायाची टाच तळहातभर वर जाते आणि न थकता पंचवीस वेळा जाते. दुखावलेल्या पायाची त्याच्या निम्मी जाते आणि दहाव्या-बाराव्या वेळेला थरथरायला लागते. माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या लोकांचीही ही गत असते. रॉजर्स पडला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. अशा पायावर उभं राहून त्याने २०२४मध्ये सतराच्या सतरा सामने खेळले. मधल्या काळात मांडीचा स्नायू, गुडघा, घोटा असं एकेक दुखत होतं. तरी ३,८९७ यार्ड आणि २८ टचडाउन पास त्याच्या नावावर लागले. इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघाने पकडलेले पास, ११. त्याची उमेद ओसरली होती हे खरं. पण हे आकडे संघ बुडवणाऱ्या खेळाडूचे नाहीत. २०१५नंतर जेट्सच्या एकाही क्वार्टरबॅकने एका हंगामात इतकी टचडाउन दिलेली नाहीत.

त्याच्या चुका मला दिसतात. जूनमध्ये सक्तीचं शिबिर सोडून तो इजिप्तला गेला आणि पहिल्याच पायरीवर कोचचा शब्द हलका झाला. ऑक्टोबरात बिल्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याचा पास पकडला गेला, तेव्हा माइक विल्यम्स चुकीच्या रेषेने धावला असं त्याने पत्रकारांसमोर सांगितलं. विल्यम्स आदल्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटून परत आलेला खेळाडू. अशा माणसाचा गुडघ्यावरचा विश्वास सगळ्यांत शेवटी परततो, आणि आपल्याच कॅप्टनचा असा शेरा ऐकून तो परतत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेट्सने त्याला पिट्सबर्ग स्टीलर्सला देऊन टाकलं. तिथल्या पहिल्याच सामन्यात त्याने ३२ यार्डांचा विजयी टचडाउन पास पकडला.

पण मुळात हा संघ वाईट नव्हता. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जेट्सने सॉस गार्डनर, गॅरेट विल्सन, जर्मेन जॉन्सन आणि ब्रीस हॉल असे चौघे एका दमात मिळवले होते. गार्डनर आणि विल्सन त्या वर्षी लीगमधले सर्वोत्तम नवोदित ठरले, एक बचावात आणि एक आक्रमणात. मुख्य कोच रॉबर्ट सालेह यांच्या हाताखाली बचावफळी दोन हंगाम लीगच्या पहिल्या काहींत होती. २०२४च्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी रात्री, न्यू इंग्लंड पेट्रियट्सना २४-३ने लोळवलं तेव्हा मेटलाइफवर लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. तीनपैकी दोन सामने जिंकले होते. त्याआधीच्या रविवारी टेनेसीत जर्मेन जॉन्सनचाही अकिलीस तुटला होता आणि बचावातला एक मोहरा गेला होता, तरीही.

मग २९ सप्टेंबरचा डेन्व्हर ब्रॉन्कोसविरुद्धचा सामना आला. मी आणि मुलगा स्टेडियममध्ये होतो, आणि पाऊस होता. मेटलाइफला छत नाही. प्लास्टिकचे पोंचो घालून ओल्या खुर्च्यांवर बसलेले हजारो लोक, आणि खाली आमची बचावफळी असा खेळ करत होती की थंडी विसरावी. डेन्व्हरचा नवखा क्वार्टरबॅक बो निक्स याला अख्ख्या सामन्यात पासिंगचे ६० यार्ड मिळाले. पूर्वार्धात तर त्याची बेरीज शून्याच्याही खाली होती. एवढं करून जेट्स १०-९ने हरले. आमचेच खेळाडू स्नॅपच्या आधी हलत होते आणि दंडाचे यार्ड देत होते. रॉजर्सला पाच वेळा पाडलं. शेवटी ग्रेग झुरलाइनची ५० यार्डांची किक हुकली. सामन्यानंतर सालेह म्हणाले की क्वार्टरबॅकच्या हाकेची लय खेळाडूंना झेपते का हे बघावं लागेल. रॉजर्सचं म्हणणं पडलं की चूक करणाऱ्याला जाब विचारा. कोच आणि क्वार्टरबॅक यांच्यातला ताण त्या दिवशी जगाला दिसला. परतीच्या गाडीत कुणी गजर केला नाही.

पुढच्या रविवारी लंडनमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सकडून २३-१७ने हार. मंगळवारी, ८ ऑक्टोबरला, मालक वुडी जॉन्सन यांनी सालेह यांना काढून टाकलं. पाच सामने झाले होते, दोन जिंकले होते, बारा शिल्लक होते. जॉन्सन यांनी २०००मध्ये संघ विकत घेतल्यापासून हंगामाच्या मध्यात कोच काढण्याची ही पहिलीच वेळ. जेट्सने आजवर उभारलेल्या सर्वांत गुणी संघांपैकी हा एक आहे, असं त्यांनी कारण दिलं. म्हणजे घोडा चांगला, स्वार बदला.

सालेह यांचा चार हंगामांतला हिशेब २० विजय आणि ३६ पराभव असा आहे. हंगामाअखेर त्यांना निरोप दिला असता तर मी एक शब्द लिहिला नसता. त्यांच्या काळात आक्रमण कधी बसलंच नाही. पण आजार आक्रमणात होता, आणि औषध दिलं ते बचावाची घडी बसवणाऱ्या माणसाला काढून. हिशेब कुणीही कागदावर करून पाहावा. सालेह असताना पाच सामन्यांत समोरच्या संघांनी मिळून ८५ गुण केले, म्हणजे सामन्यामागे १७. ते गेल्यावर बारा सामन्यांत ३१९, म्हणजे साडेसव्वीसच्या वर. आणि ज्या आक्रमणासाठी हा खटाटोप केला त्याचं काय झालं? आधी सामन्यामागे १८.६ गुण, नंतर २०.४. जेमतेम दोन गुणांच्या कमाईसाठी साडेनऊ गुणांची खोट खाल्ली. दुखापतींचा हात त्यात आहेच. पण सालेह यांच्या जागी आलेले जेफ उलब्रिक आधी बचावाचे प्रमुख होते, आणि आता त्यांच्यावर सगळ्या संघाचं ओझं पडलं. दोन माणसांचं काम एकाने करायचं ठरवलं की दोन्ही कामं अर्धी होतात, हे सांगायला फुटबॉल कळावा लागत नाही.

त्याचं फळ सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत दिसत गेलं. पेट्रियट्स, ज्यांना सप्टेंबरात २४-३ने लोळवलं होतं, ऑक्टोबरात त्यांनीच शेवटच्या मिनिटात टचडाउन करून २५-२२ने हरवलं. इंडियानापोलिस कोल्ट्सनी शेवटच्या मिनिटात २८-२७. सिॲटल सीहॉक्सविरुद्ध २१-७ची आघाडी होती, हरलो २६-२१. मायामी डॉल्फिन्सविरुद्ध जादा वेळेत ३२-२६, आणि ८ डिसेंबरच्या त्या पराभवाने प्लेऑफचा मार्ग अधिकृतरीत्या बंद झाला. बारा पराभवांपैकी सात पराभव सहा किंवा त्याहून कमी गुणांचे होते. पाच सामन्यांत तर धुऊन निघालो, ते सोडा. पण या सातांतले चार-पाच सामने राखणारी बचावफळी सप्टेंबरात आमच्याकडे होती.

सीहॉक्सचा तो सामना आठवला की मला अजून वाईट वाटतं, आणि ते आघाडी गेली म्हणून नाही. २१-७ असताना जेट्स आणखी एका टचडाउनच्या दारात होते. रॉजर्सचा पास लेनर्ड विल्यम्सने पकडला आणि तीनशे पौंडांचा तो माणूस ९२ यार्ड धावत सुटला, थेट टचडाउनपर्यंत. विल्यम्स हा जेट्सनेच २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेला आणि नंतर जायंट्सना देऊन टाकलेला खेळाडू. त्या दिवशी सिॲटलचा क्वार्टरबॅक होता जीनो स्मिथ, जेट्सने २०१३मध्ये घेतलेला. लंडनमध्ये व्हायकिंग्सचा क्वार्टरबॅक होता सॅम डार्नोल्ड, जेट्सने २०१८मध्ये ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला. त्याच डार्नोल्डच्या हातून २०२४च्या हंगामात व्हायकिंग्सनी चौदा सामने जिंकले. डेन्व्हरच्या बाकावर झॅक विल्सन बसला होता, जेट्सनेच २०२१च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. एकाच हंगामात आपणच निवडलेली आणि आपणच अधीरपणे टाकून दिलेली माणसं ओळीने समोर उभी राहतात, याला मी योगायोग मानायला तयार नाही. विशी-बाविशीतल्या मुलाला आणायचं, त्याला राखणाऱ्या कमकुवत लाइनच्या मागे उभं करायचं, वर्षा-दोन वर्षांत कोच बदलायचा, त्याची शिकलेली सगळी भाषा बदलायची, आणि मग म्हणायचं की हा कुचकामी निघाला. तो दुसरीकडे जातो, तिथे त्याला वेळ मिळतो, तो उभा राहतो. माझ्या कामात मी हे रोज पाहते. सहा आठवड्यांत पाय धावला नाही म्हणून व्यायाम बदलणारे, आणि तिसऱ्या महिन्यात थेरपिस्टच बदलणारे रोगी शेवटपर्यंत लंगडतात.

वुडी जॉन्सन हे जॉन्सन अँड जॉन्सन घराण्याचे वारस. त्यांनी जेट्स ६३.५ कोटी डॉलरला घेतला. २०२४मध्ये फोर्ब्जच्या अंदाजाने त्याची किंमत सहा अब्जांच्या वर होती. मधली सुमारे साडेतीन वर्षं ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, तेव्हा धाकटे बंधू क्रिस्टोफर कारभार पाहत. नोव्हेंबरात त्यांनी जनरल मॅनेजर जो डग्लस यांनाही काढलं. फिलाडेल्फियाहून आणलेला बचावपटू हासन रेडिक नव्या कराराशिवाय यायलाच तयार नव्हता, ऑक्टोबरपर्यंत आला नाही, आणि आल्यावर हंगामभरात त्याच्या नावावर एक सॅक (चेंडूसकट क्वार्टरबॅकला पाडणं) लागला. ती चूक डग्लस यांची होती, मान्य. पण इतक्या महिन्यांत कुणालाही हे निस्तरता आलं नाही, तर वर कोण बसलं होतं? डिसेंबरात ‘द अथलेटिक’ने एक बातमी छापली: जेरी ज्यूडी नावाच्या खेळाडूला घ्यायचं ठरत असताना जॉन्सन यांनी मॅडन या व्हिडिओ गेममधल्या त्याच्या गुणांवर बोट ठेवलं आणि सौदा फिसकटला. जॉन्सन यांच्या प्रवक्त्याने ते नाकारलं. खरं काय हे ठरवणारी मी कोण? ज्यूडीने २०२४च्या हंगामात क्लीव्हलंडसाठी १,२०० यार्डांच्या वर कमाई केली, एवढं मात्र मैदानावर घडलेलं आहे.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते ती ही की एवढ्या अपयशाची किंमत मालकाला मोजावीच लागत नाही. एनएफएलमध्ये खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची भीती नाही. टीव्हीचा पैसा बत्तीस संघांत सारखा वाटला जातो, जिंकलात तरी तेवढाच, हरलात तरी तेवढाच. उलट तळाला जाणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवडायला मिळतं. दुबळ्याला बळ मिळावं हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण मालक शहाणा नसेल तर हीच व्यवस्था त्याला वर्षानुवर्षं पोसते. आपल्याकडचं आयपीएल याच साच्यातलं आहे. पंजाबच्या संघाने २००८पासून एकदाही चषक जिंकलेला नाही, म्हणून मालकांचं काही अडलेलं नाही. मे २०२४मध्ये हैदराबादला सामना हरल्यावर लखनौचे मालक संजीव गोएंका मैदानातच कर्णधार राहुलशी तावातावाने बोलताना साऱ्या देशाने पाहिले. राहुल आता लखनौकडे नाही. मुंबई-पुण्यातल्या वाचकांनी जेट्सकडे त्या नजरेने पाहावं.

हीच व्यवस्था, हेच नियम, हीच सॅलरी कॅप (पगारांची कमाल मर्यादा) असताना डेट्रॉइट लायन्सनी काय केलं तेही पाहा. डॅन कॅम्पबेल कोच झाले तेव्हा पहिल्या चोवीस सामन्यांत त्यांचे चार विजय होते. चोवीसात चार! ऑक्टोबर २०२२मध्ये लोकांची सहनशक्ती संपली असताना मालकीण शीला फोर्ड हॅम्प सरावाच्या मैदानावर पत्रकारांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि आपला या माणसांवर विश्वास आहे, हे बांधायला वेळ लागतो, असं सांगून गेल्या. त्यानंतर लायन्स आणखी एक सामना हरले. तरी त्या बाई डगमगल्या नाहीत. तो हंगाम नऊ विजयांवर संपला, पुढच्यात बारा, २०२४मध्ये पंधरा. त्यांनी कुणी तारणहार आणला नव्हता. त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ हा लॉस एंजेलिस रॅम्सनी देऊन टाकलेला खेळाडू होता.

माझ्याकडे एक आजोबा येतात, गुडघ्याची वाटी बदललेली. जेट्स क्वीन्समधल्या शे स्टेडियमवर खेळत तेव्हापासून त्यांच्या घरात सीझन तिकीट आहे, आधी वडिलांचं, मग त्यांचं. २०१०मध्ये मेटलाइफ उघडलं तेव्हा तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क मिळवायला संघाने चाहत्यांकडून वेगळे पैसे घेतले होते, तेही त्यांनी भरले. डिसेंबरात रॅम्सकडून १९-९ने हरल्यावर दुसऱ्या दिवशी ते आले. मी गुडघा वाकवत होते, आणि त्यांनी दुखतंय असं म्हटलंच नाही. म्हणाले, चौथ्या मजल्यावर चढून बसतो, आता ते जमेनासं झालंय, पण मुलगी म्हणते तिकीट सोडू नका. सत्तरीच्या पुढच्या माणसाने ओल्या, थंड खुर्चीवर बसून असा खेळ पाहावा आणि त्याचे पैसेही द्यावेत, हे मला अन्यायाचं वाटतं. जायंट्सचा हंगामही त्याच मैदानावर तीन विजय आणि चौदा पराभवांवर संपला, म्हणजे त्या एका इमारतीत त्या वर्षी कुणालाच फारसं सुख मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या पेशातली. खेळाडूंची संघटना नैसर्गिक गवताची मागणी करत आली आहे. रॉजर्स पडला तो कृत्रिम गवतावर. त्याचा टेंडन त्या गवतामुळेच तुटला असं कुणी ठामपणे म्हणू नये, मीही म्हणणार नाही. पण बूट मातीत थोडा सरकतो आणि ताण सुटतो, कृत्रिम पृष्ठभागावर तो धरून बसतो, आणि मग तो ताण घोट्याने, गुडघ्याने आणि टेंडनने सोसायचा असतो. २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना मेटलाइफवर ठरला आणि त्यासाठी तिथे खरं गवत आणायचं ठरलं, कारण फिफाला दुसरं चालत नाही. पाहुण्यांना गवत मिळतं, घरच्या खेळाडूंना मिळत नाही. हे जिव्हारी लागणारं आहे.

जानेवारी २०२५मध्ये हा मजकूर लिहिताना नव्या कोच आणि जनरल मॅनेजरसाठी मुलाखती चालू होत्या. निवडीच्या मदतीला बाहेरची सल्लागार मंडळी घेतली होती. रॉजर्स राहील की जाईल याची पैज लागत होती. तो राहिला काय आणि गेला काय, जॉन्सन यांची पद्धत तीच राहिली तर दर जानेवारीत आम्ही हेच बोलत राहू. म्हणून सांगणं त्यांना आहे. जो कोच निवडाल त्याला तीन हंगाम द्या, पहिल्यात चारच सामने जिंकले तरी द्या. तरुण क्वार्टरबॅक आणलात तर आधी त्याच्यासमोरची लाइन उभी करा. खेळाडू कोण घ्यायचा हे त्यासाठी पगार देऊन ठेवलेल्या माणसांना ठरवू द्या. आणि विश्वचषकानंतर ते गवत उपटू नका.